ओशोंना ऐकावं का? ऐकण्याआधी काय तपासावं

प्रवचनकार आणि ध्यानगुरू ओशो (रजनीश) चांगले की वाईट, हा प्रश्न घेऊन बसलात तर भांडणाशिवाय हाती काही लागत नाही. इंदूरला आमच्या लोकमान्यनगरातल्या वाचनमंडळात मी हे कितीदा पाहिलंय. एक काका त्यांच्या कॅसेट जिवापाड जपणारे, एक वहिनी नाव निघालं की पदर खोचून उभ्या राहणाऱ्या, आणि दोघांकडेही वाचलेलं कमी, ऐकीवच जास्त. आता मुलं रील पाहून विचारतात, "मावशी, ऐकू का यांना?" जरूर ऐका. पण मी बँकेत तपासणी विभागात नोकरी केली आहे. एका खात्यातली शिल्लक दाखवून दुसऱ्या खात्यातली तूट झाकता येत नाही, तीच शिस्त इथेही पाळा. खाती तीन: बोलणं, साधना आणि कारभार.

बोलण्यापासून सुरुवात करा. त्यांची बहुतेक पुस्तकं म्हणजे प्रवचनं उतरवून छापलेली आहेत. म्हणून पुस्तक हातात घेतलं की प्रवचन कुठे आणि कोणत्या साली झालं, ते आधी शोधा. साठच्या दशकात जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवणारा आणि गावोगाव गांधीवादावर तुटून पडणारा वक्ता वेगळा, १९७४ नंतर कोरेगाव पार्कात शिष्यांपुढे बोलणारा गुरू वेगळा. ते परस्परविरोधी बोलत आणि तसं कबूलही करत. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेल्या एका ओळीवरून ना बाजू घ्या, ना विरोध करा. अख्खं प्रवचन मिळवा.

मग त्यांचा आवाज बाजूला काढा. संथ लय, लांबवलेला 'स', वाक्याच्या मधेच मोठा विराम. त्या आवाजात वाण्याची यादीसुद्धा उपनिषद वाटावी! एक पान घ्या आणि स्वतःच्या आवाजात, घरातल्या कुणापुढे तरी वाचा. अष्टावक्रगीतेवर ते १९७६-७७ मध्ये पुण्यात बोलले, त्या प्रवचनांवर आम्ही हाच प्रयोग केला. आधी मूळ श्लोक अन्वयासकट वाचायचा, मग त्यांचं भाष्य. श्लोकाचा अर्थ कुठे आहे, मुल्ला नसरुद्दीनची गोष्ट कुठे सुरू झाली आणि निव्वळ नाद कुठे आहे, हे पेन्सिलीने समासात लिहीत गेलो की पान आपोआप उलगडतं. उरतं तेही थोडं नसतं, हे मी मनापासून सांगते. कबीर, मीरा, बुद्ध, महावीर, लाओत्से यांना पंडितांच्या कपाटातून काढून त्यांनी बोलत्या हिंदीत आणलं. ज्याने कधी धर्मग्रंथ उघडला नसता, असा माणूस त्यांच्यामुळे मूळ ग्रंथाकडे वळलेला मी पाहिलाय.

पडताळता येतील अशी विधानंही वेगळी काढा. एड्समुळे जगातले दोन तृतीयांश लोक मरतील, असं त्यांनी १९८४ मध्ये सांगितलं होतं. तसं झालं नाही. पण त्याच काळात त्यांच्या कम्यूनमध्ये, म्हणजे शिष्यांच्या वसाहतीत, निरोध वापरण्याचा कडक नियम होता, आणि ती शहाणपणाची गोष्ट होती. दोन्ही नोंदवा.

साधनेचं खातं लहान आहे. त्यांचं सक्रिय ध्यान तासाभराचं: दहा मिनिटं वेगाने अनियमित श्वास, दहा मिनिटं रडणं-ओरडणं मोकळं सोडणं, दहा मिनिटं हात वर करून 'हू हू' करत उड्या, पंधरा मिनिटं निश्चल, पंधरा मिनिटं नाच. ज्यांना डोळे मिटून बसताच येत नाही, त्यांना याने बरं वाटतं. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मनाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि ध्यानाने बरं वाटलं म्हणजे गुरूचं सगळंच खरं ठरलं, असं होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या कारभाराला, कारण भक्त आणि विरोधक दोघेही इथे घाई करतात. त्या काळातली वर्तमानपत्रं पाहायची तर 'रजनीश' नावाने शोधा. 'ओशो' हे नाव १९८९ मध्ये आलं. १९८१ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि ओरेगॉनमध्ये सुमारे चौसष्ट हजार एकरांवर त्यांच्या शिष्यांची वसाहत, रजनीशपुरम, उभी राहिली. १९८४ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या द डॅलेस गावात त्यांच्या काही अनुयायांनी उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. जिल्ह्याच्या निवडणुकीत स्थानिक मतदार घरीच राहावेत, हा त्यामागचा हेतू होता. रजनीशांची सचिव मा आनंद शीला हिला पुढे या प्रकरणात शिक्षा होऊन तुरुंगवास झाला.

रजनीशांवर विषप्रयोगाचा खटला झाला नाही. उलट सप्टेंबर १९८५ मध्ये शीलाच्या गटावर त्यांनीच जाहीर आरोप केले. हे लिहायलाच हवं. त्यांच्यावर खटला झाला तो इमिग्रेशनच्या कायद्याखाली. गुन्हा केला असं न म्हणता, पुरावा शिक्षेला पुरेसा आहे एवढं मान्य करून ते चार लाख डॉलर भरून देशाबाहेर पडले. भक्त म्हणतात, "ते तर मौनात होते." माझं मत असं, की मौन धरून सगळा कारभार एकाच माणसाच्या हाती कोणी दिला, ती सचिव कोणी निवडली, तिला जाब विचारायची सोय का नव्हती, याचं उत्तर गुरूनेच द्यायचं असतं. ९३ रोल्स रॉईस गाड्यांवर लोक हसतात. मला त्या गाड्यांपेक्षा ही न ठेवलेली सोय जास्त बोचते.

साक्षीदारांचा क्रमही ठरवून घ्या. आधी कोर्टात सिद्ध झालेलं, मग सोडून गेलेले, विशेषतः कम्यूनमध्ये वाढलेली मुलं, मग आजचे भक्त. विनोद खन्ना सिनेमा सोडून तिकडे गेले आणि परतही आले. दोन्ही बाजू त्यांचं नाव घेतात, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

एवढं करून शिबिराला जावंसं वाटलं तर अवश्य जा. जाण्याआधी फोन करून विचारा: पूर्ण शुल्क किती, मधेच निघालं तर पैसे परत मिळतात का, मोबाईल जवळ ठेवता येतो का, आणि तक्रार असेल तर शिबिर चालवणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणाकडे नेता येते का. शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस चिडला, तर पैसे भरू नका.