घरी केलेलं चेहरा धुण्याचं तेल: चिकटपणा, खवट वास, पुरळ... या चुका टाळा

"ताई, तेल तं लावलं, पण तोंड चिकटच रायते वो. दोनदा साबण लावला तरी."

दिवाळीनंतर, कापूस वेचणी ऐन भरात असताना, आमच्या गल्लीतली एक सून हे सांगायला आली. कपाळावर केसांच्या कडेला साबणाचा पांढरट थर दिसत होता, नखानं खरवडला तर निघेल असा. तेल चांगलं होतं, घाण्यावरचं करडीचं. मोजमापही तिनं बरोबर घेतलं होतं. चुकलं ते तेल काढताना, आणि त्यात अर्धा वाटा आमच्या पाण्याचा होता.

आमचं गाव दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांचा हा भाग. बोअरचं पाणी खारं आणि जड. डाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरी पुटं धरतात. अशा पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की फेस न होता साका तयार होतो. हा साका पाण्यात विरघळत नाही. चेहऱ्यावर आधीच तेल असेल तर तो तेलासकट तिथंच बसतो. म्हणजे ती सून जितका साबण लावत होती तितका चिकटपणा वाढत होता.

तेल लावता येतं, काढता येत नाही

चेहऱ्याला तेल म्हटलं की आपल्या डोक्यात मालिश येते. लावायचं, जिरवायचं, झोपायचं. धुण्याच्या तेलाचं काम अगदी वेगळं आहे. मेणावर लावलेलं कुंकू, काजळ, सनस्क्रीन, दिवसभराची धूळ आणि त्वचेचा स्वतःचा तेलकटपणा, हे सगळं त्यात विरघळवायचं आणि मिनिटभरात त्याच्यासकट उतरवायचं. उतरलं नाही तर त्या तेलाचा काही उपयोग नाही.

यासाठी तेलात पाण्याशी मिसळणारा एक घटक लागतो. पॉलिसॉर्बेट 80 हा सहज मिळणारा. काकवीसारखा दाट, पिवळसर द्रव असतो. साबण तयार करण्याचं सामान विकणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो. माझं 100 ग्रॅमचं प्रमाण असं: 80 ग्रॅम करडी किंवा तिळाचं तेल, 5 ग्रॅम एरंडी, 15 ग्रॅम पॉलिसॉर्बेट. चमच्यानं नको, काट्यावर मोजा. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो. बाटली काही दिवस उभी राहिली की थोडं खाली बसतं, म्हणून दर वेळी हलवून घ्या.

जमलं की नाही हे चेहऱ्यावर लावण्याआधी तळहातावर कळतं. कोरड्या तळहातावर चार थेंब तेल चोळा, मग बोट पाण्यात बुडवून वर फिरवा. तेल लगेच दुधासारखं पांढरं झालं तर बरोबर. पाण्याचे मणी होऊन घरंगळले तर पॉलिसॉर्बेट कमी पडलंय किंवा नीट मिसळलेलं नाही. ही पांढरी होण्याची क्रिया जड पाण्यातही होते, साबणासारखा साका धरत नाही. खारपाणपट्ट्यातल्या बाईसाठी हाच सगळ्यात मोठा फायदा.

पॉलिसॉर्बेट मिळत नसेल तर बेसन. अगदी बारीक, वस्त्रगाळ केलेलं. तेल चोळून झालं की दोन चमचे बेसन पाण्यात पातळसर कालवून वरून हलक्या हातानं फिरवा. ते तेल ओढून घेतं. डाळीचं जाडंभरडं पीठ नको, त्वचा ओरबाडली जाते. आणि शेवटचा एक तांब्या तरी पिण्याच्या, फिल्टरच्या पाण्याचा घ्या. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरून ठेवत असाल तर त्याच दिवशीचं, झाकलेलं.

आणखी एक चूक बहुतेक जणी करतात: आधी तोंडावर पाणी मारायचं आणि मग तेल. पॉलिसॉर्बेटचं तेल ओल्या चेहऱ्यावर गेलं की तिथंच पांढरं होतं, काजळ निघतच नाही. हात कोरडे, चेहरा कोरडा, मग तेल. एक मिनिट पुरे. पाच-पाच मिनिटं रगडल्यानं फक्त गाल लाल होतात. पुसायला नव्या टॉवेलपेक्षा जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बरा, आणि तो प्रत्येकीचा वेगळा. घरभर एकच दुपट्टा फिरत असेल तर तेलानं सुधारलेला चेहरा दुपट्ट्यानं बिघडतो.

कोणतं तेल घेऊ नये

इथं मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या भागात तेलबियांची कमी नाही आणि "घरचं आहे ना, मग चांगलंच" या समजुतीनं बरंच नुकसान होतं.

जवस आपलं. विदर्भातल्या कितीतरी घरांत जवसाची चटणी रोज पानात असते. पण जवसाचं तेल चेहऱ्यासाठी घेऊ नका. हवेत ते फार लवकर बिघडतं, वाळतं आणि चिकट पापुद्रा धरतं. म्हणूनच तर रंग आणि वॉर्निशमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. मी स्वतः एका मे महिन्यात जवसाच्या तेलाची बाटली टिनाच्या खोलीत ठेवली होती. पंधरा दिवसांनी झाकण फिरेना. बाटलीच्या तोंडाशी डिंकासारखं पिवळं कडं धरलं होतं. तरी मी आतलं तेल वापरलं, आणि आठवड्यात हनुवटीवर पुरळ. एक गोष्ट आवर्जून सांगते: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या किंवा कापसाचे बोळे ढीग करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा ढीग आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

मोहरीचं तेल चेहऱ्याला झोंबतं, ते त्यातल्या तिखट घटकामुळे. झोंबणं म्हणजे "असर होतोय" नव्हे. शिवाय सुटं मोहरीचं तेल घेऊच नये. पिवळ्या धोत्र्याच्या बिया त्यात मिसळल्या गेल्यानं 1998 साली दिल्लीत जलशोथाची, म्हणजे अंगावर सूज येण्याच्या आजाराची, मोठी साथ आली होती.

खोबरेल केसांना चांगलं, पण पुरळ येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बंद करतं, आणि 24 अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. गोंदिया-गडचिरोलीकडे मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल मिळतं, तेही थंडीत घट्ट होतं. ते भेगाळलेल्या टाचांना ठेवा. एरंडी घालायची ती चवीपुरती. जास्त झाली तर तेल इतकं दाट होतं की धुताना नाकीनऊ येतात.

राहिली करडी आणि तीळ. करडी हलकी, चेहऱ्यावरून पटकन उतरते. तीळ थोडा जड, पण टिकतो जास्त. घाण्यावरून आणलेलं तेल त्याच दिवशी बाटलीत भरू नका. आठ दिवस स्थिर ठेवा, खाली गाळ बसू द्या, मग वरचं निवळ तेल कोरड्या सुती कापडातून गाळून घ्या. त्या गाळात ओलावा असतो, आणि ओलावाच पुढे घात करतो.

तेलात पाणी गेलं की संपलं

कोरफडीचा गर, ओली तुळस, कडुनिंबाचा ताजा पाला, संत्र्याची ताजी साल. वरुड-मोर्शीची संत्री घरात आली की साल टाकवत नाही, हे मलाही कळतं. पण ओली वस्तू तेलात घातली की आठ-दहा दिवसांत तळाला ढगासारखं काहीतरी दिसू लागतं. ती बुरशी. उकळून गाळलं तरी ते तेल चेहऱ्यावर घेऊ नये. घालायचंच असेल तर सावलीत वाळवून, हातात चुरा होईल इतकं कडक झाल्यावर. व्हिटॅमिन ई घातलं म्हणजे बुरशी लागणार नाही असं कित्येक जणी समजतात. ते तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, जंतू मारत नाही.

बाटलीही तशीच. गरम पाण्यानं धुवा, उन्हात उलटी वाळवा, आत एक थेंबही नको. न्हाणीत ओल्या हातानं बाटली उघडू नका. लागेल तेवढं तेल आधीच वाटीत काढून न्या.

लिंबाचा रस तर अजिबात नको. तेलात तो मिसळत नाही, आणि त्वचेवर राहिलेल्या लिंबावर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे डाग उठतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. निंदणाला, वेचणीला उन्हात जाणाऱ्या बाईनं हा धोका का घ्यावा? कापूरही टाळा, लेकरं असलेल्या घरात तर नक्कीच. पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. सुगंधी तेल हवंच असेल तर 100 ग्रॅमला अर्धा ग्रॅम, म्हणजे दहा-बारा थेंब. मी घालत नाही.

उन्हाळा

आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. टिनाखालची खोली, खिडकीची चौकट, चुलीजवळचा कोनाडा, यांपैकी कुठंही तेल ठेवलं तर खौट होणारच. एका वेळी 100 ग्रॅमच करा, गडद रंगाच्या काचेत, घरातल्या सगळ्यात थंड अंधाऱ्या जागी. बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. दोन महिन्यांत संपवा. वास जुन्या शेंगदाण्यासारखा आला की फेका. "हातापायाला लावू" म्हणून ठेवू नका, खवट तेल हातापायालाही खाज आणतं.

पुरळ आलं तर

"घाण बाहेर पडून राहिली" असं म्हणून वापरत राहू नका. बंद करा, पंधरा दिवस थांबा. कपाळावर एकसारखे, बारीक, खाजणारे पुरळ असतील तर ते बुरशीजन्य असू शकतात, आणि तेलानं ते वाढतात. गजकर्णावर तेल नाहीच. गोरं करणारी किंवा खाजेची म्हणून दुकानातून सहज आणलेली क्रीम बरेच दिवस लावली असेल आणि आता चेहरा उन्हात जळजळत असेल, तर त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असण्याची शक्यता आहे. तिथं तेलाचा उपाय चालत नाही. ती क्रीम सोबत घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा, दोन दिवस पाहा, मगच चेहऱ्याला. रोज रात्री एकदा पुरे.

फवारणीच्या दिवशी हे तेल हातात घेऊ नका

हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. अनेक कीटकनाशकं तेलात विरघळतात. अंगावर, तोंडावर फवारा उडालेला असताना तेल चोळणं म्हणजे विष त्वचेत जिरवणं. फवारणीआधी "चेहरा जळू नये" म्हणून तेल लावून जाणंही तितकंच चुकीचं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. ते दिवस आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. शेतातून आल्यावर पहिले कपडे वेगळे काढा, मग साबण आणि भरपूर पाणी, जड असो की खारं. साका राहिला तर राहू द्या. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर असं काही वाटलं तर फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

त्या सुनेला मी दुसऱ्या दिवशी बेसन आणि फिल्टरचं एक तांब्या पाणी घेऊन बसवलं. तेल तिचंच, करडीचं. काजळ उतरलं, कपाळ मोकळं झालं. तिनं गालावरून पालथा हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला, आणि विचारलं, "ताई, बेसन चण्याचंच पाह्यजे का वो? घरी मुगाचं हाय." मुगाचंही चालतं, वस्त्रगाळ केलेलं असलं की झालं.