टॅब आईचा, शिकवणी बाकीच्यांची

घरात कुणाला स्मृतिभ्रंश झाला की त्या माणसाचा मोबाईल हळूहळू दोनच कामांपुरता उरतो: गोळ्यांचा गजर आणि ‘कुठे आहेस?’ असं विचारणारे फोन. गप्पा बंद पडतात. मैत्रिणींना तीच गोष्ट चारदा ऐकायचा कंटाळा येतो आणि नातवंडं ‘आजीला आता कळत नाही’ म्हणून सटकतात. खालची जुळवाजुळव त्या गप्पा चालू ठेवण्यासाठी आहे, पाळत ठेवण्यासाठी नाही. आजार सौम्य असतानाच सुरू करा. रोज त्याच जागी, त्याच वेळी केलेली गोष्ट तेव्हा अंगवळणी पडू शकते; पुढे ते अवघड होत जातं.

यंत्र आणि जागा

दहा इंची टॅब घ्या. घरात पडून असलेला तडा गेलेला फोन ‘आईला चालेल’ म्हणून देण्याची पद्धत आहे, पण बोटाला नीट दाद न देणारी काच तिच्याच वाट्याला का? टॅब जड स्टँडवर ठेवा आणि कॅमेरा बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला आणा. आई एरवी जिथे बसते, चहा घेते, निवडणं-टिपणं करते, तीच जागा धरा. पाठीमागे खिडकी नको, नाहीतर पलीकडच्यांना नुसती काळी आकृती दिसते.

टॅब बंद सापडण्याचं नेहमीचं कारण प्लगपाशी असतं. वीज वाचवायची आयुष्यभराची सवय. झोपायच्या आधी बटण बंद होतंच. बटणावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, शेजारी ठळक अक्षरांत ‘चालू राहू द्या’ लिहा आणि वायर टेबलाच्या पायाला बांधा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणं पुणेकरांना नवीन नाही. त्यासाठी राउटरला छोटा यूपीएस जोडा, म्हणजे तेवढ्यासाठी ठरलेला कॉल चुकत नाही.

टॅबमध्ये सिम घालायचं असेल तर नवीन घ्या. बँकेशी जोडलेला नंबर या टॅबवर नको, यूपीआयचं ॲपही नको. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर धमकावणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांना अशाच घरातला फोन हवा असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं कठीण.

पडद्यावर चारच चेहरे

बाकी सगळे आयकॉन काढून टाका. अँड्रॉइड टॅबवर व्हॉट्सॲपमध्ये जवळच्या चौघांपैकी एकेकाचं चॅट उघडा, वरचे तीन टिंब दाबा, ‘मोअर’मध्ये जा आणि ‘ॲड शॉर्टकट’ निवडा. फोटोसकट आयकॉन पडद्यावर येतो. त्याला हात लावल्यावर चॅट उघडतं आणि मग वरचं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबावं लागतं. ही दुसरी पायरी जड जात असेल तर आईने लावायचा कॉल साधा ठेवा: काही फोनमध्ये संपर्कांच्या विजेटमध्ये ‘डायरेक्ट डायल’ मिळतं, त्यात एका स्पर्शात फोन लागतो. (यासाठी मात्र सिम हवं.) व्हिडिओ कॉल पलीकडच्यांनी करावा.

नाव टाकताना ‘अनिरुद्ध’ नको; आई हाक मारते ते ‘बाळू’ टाका. फोटोही तिच्या ओळखीचा हवा. मुलाला टक्कल पडलं असेल आणि तिच्या मनात तो अजून तिशीतला असेल, तर तिशीतला फोटो लावा. इथे खरेपणापेक्षा ओळख पटणं मोठं.

मग सेटिंग्जमध्ये एवढं करा:

१. ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ लांब करा. वयस्क माणूस बोट टेकवून ठेवतो, फोनला ते ‘धरून ठेवलं’ वाटतं आणि आयकॉन जागचा हलतो किंवा पुसला जातो. ‘टॅब बिघडला’ ही तक्रार बऱ्याचदा एवढीच असते. होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करायची सोय असेल तर तीही लावा.

२. स्क्रीन फिरणं बंद करा आणि पडदा बंद होण्याची वेळ जास्तीत जास्त ठेवा.

३. व्हॉट्सॲपच्या ‘प्रायव्हसी’त ‘कॉल्स’मध्ये जाऊन अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करा.

४. एकच ॲप उघडं ठेवायचं असेल तर ‘सिक्युरिटी’तलं ‘ॲप पिनिंग’ वापरा आणि बाहेर पडताना पिन मागायला लावा. ॲप असं अडकवल्यावर दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघा, येतो ना ते. आयपॅड असेल तर आयपॅडओएस १७ पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आहे. त्यात मोजकीच ॲप्स मोठ्या चौकोनांत दिसतात.

कोरड्या, सुरकुतलेल्या बोटाला काच दाद देत नाही तेव्हा बोट किंचित ओलं करा, नाहीतर रबरी टोकाचं स्टायलस द्या. श्रवणयंत्र असेल तर फोन कानाला लावू नका, शिटी वाजते, स्पीकरवर बोला.

एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यात स्वतःचं चित्र दिसतं. काहींना तो चेहरा आपला वाटत नाही, ‘ती कोण बाई बघतेय?’ असं होतं आणि कॉल नकोसा होतो. झूमवर ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ करता येतं. व्हॉट्सॲपवर ती चौकट खालच्या कोपऱ्यात सरकवा आणि तेवढ्या भागावर कागदाची पट्टी लावा. उपाय गावठी आहे, पण कामाचा.

शिकवायचं पलीकडच्यांना

आईला शिकवण्यात महिना जातो. मुलं-सुना-नातवंडांना कुणी काही सांगतच नाही, आणि गाडी अडते ती तिथे. कॉल लागताच ‘मी कोण, सांग बघू?’ हे विचारायचं नाही. ही तोंडी परीक्षा आहे आणि ती नापास होणार हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं. ‘आई, मी बाळू, कॅलिफोर्नियाहून बोलतोय,’ अशी सुरुवात करा. ‘सकाळी काय जेवलीस?’ हेही नको, कारण आठवायला नेमकं तेच अवघड. त्यापेक्षा काहीतरी दाखवा: हातातला चहाचा कप, कुंडीतली जास्वंद, बाळाचा नवा दात. एका वेळी पडद्यावर दोन, फार तर तीन चेहरे. दिवाळीला बारा जण एकदम बोलले की आईला नुसता गलका ऐकू येतो. पंधरा मिनिटं पुरेत. ती इकडेतिकडे बघायला लागली की ‘उद्या बोलू’ म्हणून थांबा.

सगळ्यात चांगला कॉल तो, ज्यात आई देणारी असते. नात कणीक मळते आणि आजी ‘अजून सैल कर, पुरण फुटेल’ म्हणून दटावते. प्रमाण तिला सांगता येत नसेल. पण कणीक बघून चूक दिसते.

वेळ ठरवताना सकाळ धरा. संध्याकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते, तेव्हा कॉल लावला की भांडण. पुण्यात सकाळचे साडेदहा म्हणजे कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे दहा, हिवाळ्यात नऊ. मार्च आणि नोव्हेंबरात तिथलं घड्याळ सरकतं तेव्हा मुलाने आपली वेळ बदलावी. आईचे साडेदहा तेच राहू द्या.

फॅमिली ग्रुपवर पन्नास ‘शुभ सकाळ’ येत असतील तर तो या टॅबवर नकोच. चार-पाच जणांचा वेगळा ग्रुप करा आणि त्यात फक्त व्हॉइस मेसेज टाका: अर्ध्या मिनिटाच्या आतला, सुरुवातीला स्वतःचं नाव. आई ते पुन्हा पुन्हा ऐकेल. ऐकू द्या.

जुन्या आठवणी, जपून

फोटो निवडून पंचवीस-तीसच ठेवा. मंडईतली खरेदी, शाळेचं संमेलन, सवाई गंधर्व महोत्सवाला मांडी घालून बसलेली मंडळी. गाण्यांचंही तसंच, यादी घरच्यांनी करावी. यूट्यूबवर ‘जुनं पुणे’ शोधून लावून देऊ नका. त्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची चित्रं येण्याची शक्यता मोठी. ज्यांनी लहानपणी ते पाणी पाहिलं, त्यांना ते आत्ताच घरात शिरतंय असं वाटू शकतं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय, म्हणजे ‘ऑटोप्ले’, बंदच ठेवा.

कट्टा सोडू नका

बागेतला कट्टा, हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ यांना टॅब हा पर्याय नाही. तिथे जाणं सुटू नये म्हणून तंत्रज्ञान वापरा. जायच्या अर्धा तास आधी मुलीच्याच आवाजातला निरोप लावा. यंत्राच्या ‘टुंग’पेक्षा तो लवकर मनावर घेतला जातो. आई सोबत नेते त्या फोनवर गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर जाऊन ‘लोकेशन शेअरिंग’ सुरू करा आणि ‘बंद करेपर्यंत’ हा पर्याय निवडा. आधी विचारा, समजावा, होकार घ्या. हे बोलणं आजार लवकरच्या टप्प्यात असतानाच व्हायला हवं. बॅटरी वाचवायच्या नादात फोन मॅप्स झोपवतो, म्हणून त्या ॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ ठेवा. पेठांच्या बोळांत ठिपका शेजारच्या गल्लीत दिसू शकतो; घाबरून आरडाओरडा करण्याआधी कट्ट्यावरच्या मित्राला फोन करा. तो नंबर आजच घ्या, आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात किंवा पर्समध्ये ठेवा. सरकारी मदतीची माहिती हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे.

दर तीन महिन्यांनी टॅबसमोर शेजारी बसून बघा: बोट कुठे अडतं, कोणता फोटो ओळखू येत नाही. चारांचे दोन चेहरे करायची वेळ आली तर करा. पुढे हलतं चित्रच गोंधळात टाकायला लागलं, तर कॅमेरा बंद करून नुसता आवाज ठेवा. तोही जड झाला, तर पलीकडून एखादी आरती म्हणायला सुरुवात करा आणि दुसऱ्या ओळीपाशी थांबा.