घरात वटवाघूळ शिरलं? या चुका टाळा

वटवाघूळ घरात आलं की आपला हात आधी झाडूकडे जातो. झाडू राहू द्या, पंखा बंद करा. ते घिरट्या घालतं ते बाहेरची वाट शोधत. अंगावर येत नाही, केसातही अडकत नाही. खोलीच्या मधोमध ते खाली झेपावतं आणि भिंतीजवळ वर चढतं, म्हणून भिंतीला लागून उभं राहा. मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, आतलं दार लावा, खिडक्या सताड उघडा आणि दिवा मालवा. बहुतेकदा ते आपणहून निघून जातं.

जमिनीवर पडलेलं वटवाघूळ मेलेलं समजून उघड्या हाताने उचलू नका. बऱ्याच लहान जातींना सपाट जमिनीवरून सहज उडता येत नाही. जाड हातमोजे घाला, वटवाघळावर खोका पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि अंधार पडला की बाहेर झाडाच्या खोडावर चढू द्या. मात्र चावलं असेल, किंवा तुम्ही झोपेतून उठल्यावर ते खोलीत दिसलं असेल, तर वाट बघू नका. त्याचे दात इतके बारीक असतात की खूण दिसेलच असं नाही. जखम 15 मिनिटं साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती माळ्यावर वस्ती असताना. लोक दिवसाच फट बुजवतात, म्हणजे सगळी वटवाघळं आतच कोंडली जातात. पिल्लांच्या दिवसांत रात्री बुजवली तरी तेच: आई बाहेर, न उडणारं पिल्लू आत. ते मरतं, कुजतं, आणि आई दुसऱ्या फटीतून थेट घरात उतरते. मादीला वर्षाला सहसा एकच पिल्लू होतं, त्यामुळे हे नुकसान लवकर भरून येत नाही. पिल्लं उडू लागेपर्यंत थांबा. मग तिन्हीसांजेला बाहेर उभं राहून ती कुठून निघतात ते बघा. त्या फटीभोवती तेलकट डाग असतो, खाली लेंड्या. बाकीच्या फटी बुजवा, बोटभर रुंदीच्यासुद्धा. मुख्य फटीवर बारीक जाळी वरून आणि बाजूंनी पक्की करा, खालून मोकळी सोडा. ती सरपटत बाहेर पडतात, पण परतीची वाट त्यांना सापडत नाही. आठवडाभराने आत कुणी उरलं नाही याची खात्री करून फट बुजवा.

डांबरगोळ्या आणि आवाजाची यंत्रं यांवर पैसे घालवू नका. विष तर नकोच. मरणारी वटवाघळं घरातच पडतात.

वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. तिच्या धुळीतल्या बुरशीमुळे फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. मास्क लावा, पाणी शिंपडून ओली करा, मगच भरा. ढीग मोठा असेल तर हे काम जाणकारांवर सोपवा.