जुन्या मनोरुग्णालयाच्या इमारतीची नोंद कशी करावी

जुने मनोरुग्णालय पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी दर्शनी भागाचे छायाचित्र घेतो आणि त्यावरूनच इमारतीविषयी मत बनवतो. कमानी, खांब आणि दारावरची कोरीव पाटी ही बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी केलेली असे; आत राहणाऱ्यांचे आयुष्य खोल्यांची मांडणी, दारांची दिशा आणि खिडक्यांची उंची यांनी ठरत असे. म्हणून नोंदीचा क्रम उलटा ठेवावा: प्रथम आराखडा, मग दारे-खिडक्या, त्यानंतर बांधकामाचे साहित्य, आणि दर्शनी भाग अगदी शेवटी.

गोव्यात सरावासाठी मनोरुग्णालयच हवे असे नाही. कोणतेही जुने इस्पितळ चालेल. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिचा वारसा सांगणारी जुन्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) वास्तू मांडवीच्या काठी उभी आहे, आणि इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत तिथे जमणाऱ्या गर्दीतील फार थोड्यांना आपण इस्पितळाच्या आवारात उभे आहोत याची जाणीव असते. इमारत ज्या खात्याच्या ताब्यात असेल त्याची लेखी परवानगी मात्र आधी घ्यावी.

आराखडा प्रथम पावलांनी मोजून कच्चा काढावा आणि मग फितीने पक्का करावा. तो काढताना एक प्रश्न सतत मनात असावा: पहारेकऱ्याला एका जागी उभे राहून किती दारे दिसत होती? मनोरुग्णालयांची जवळजवळ सगळी वास्तुरचना या प्रश्नाभोवती फिरते. अमेरिकेत मनोरुग्णांचे डॉक्टर थॉमस स्टोरी कर्कब्राइड यांनी मध्यभागी कार्यालय आणि दोन्ही बाजूंना टप्प्याटप्प्याने मागे सरकत जाणारे पंख अशी रचना रूढ केली. एका पंखात पुरुष, दुसऱ्यात स्त्रिया; प्रत्येक टप्पा थोडा मागे असल्यामुळे त्याच्या टोकाला स्वतंत्र उजेड आणि वारा मिळे. रुग्णसंख्या २५० च्या आसपास थांबावी, असा त्यांचा आग्रह होता. युरोपात याहून कठोर नमुने सापडतात. व्हिएन्नामध्ये १७८४ साली उभा राहिलेला वेड्यांचा मनोरा पूर्ण गोल आणि पाच मजली आहे. गोव्यातील अभ्यासकाला जवळचे उदाहरण लिस्बनचे, कारण इथली सरकारी बांधकामे पोर्तुगीज प्रशासनाच्या वळणाने होत असत. लिस्बनमध्ये एका जुन्या मठात १८४८ साली रिल्याफोलिश मनोरुग्णालय सुरू झाले, आणि १८९६ मध्ये त्याच्या आवारात मधोमध उघडे अंगण आणि सभोवती कोठड्या असलेली वर्तुळाकार इमारत पुरी झाली. पुढे या संस्थेला डॉ. मिगेल बोंबार्दा यांचे नाव मिळाले; ते तिथले संचालक होते आणि १९१० मध्ये एका रुग्णाच्याच गोळीने त्यांचा मृत्यू झाला.

मठाचे मनोरुग्णालय होऊ शकते, ही गोष्ट नोंद करणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. लहान खोली दिसली की तिला लगेच कोठडी म्हणू नये. ती एखाद्या धर्मगुरूची निजण्याची खोली किंवा नुसते कोठारही असू शकेल. मापांची तुलना उपयोगी पडते. अमेरिकी मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांनी १८५१ मध्ये ठरवले होते की एका रुग्णाची खोली ८ बाय १० फुटांहून लहान नसावी आणि छत १२ फुटांहून खाली नसावे. हा नियम गोव्याला लागू नव्हता, परंतु खोली त्या काळच्या अपेक्षेच्या किती वर वा खाली होती, हे त्यावरून कळते. खरा पुरावा मात्र दारात असतो. कडी बाहेरच्या बाजूने आहे का, फळीत डोकावण्यापुरते भोक आहे किंवा बुजवल्याची खूण आहे का, आणि दार बाहेर उघडते का, हे पाहावे. आत उघडणारे दार रुग्णाला खाट लावून अडवून धरता येते. दार नाहीसे झालेले असेल तर चौकटीतल्या बिजागरीच्या खाचा तेच सांगतात. खिडकीचे गज लाकडी चौकटीत भोके पाडून बसवले आहेत की मागाहून जोडले आहेत, हेही तपासावे. वेल्डिंगचा सांधा दिसला तर ते काम विसाव्या शतकातले समजायला हरकत नाही. खिडकीचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे आणि मग खाली बसून वर पाहावे, म्हणजे बसलेल्या माणसाला झाडे दिसत होती की केवळ आभाळ, हे कळेल. भिंतींचे व बाकांचे कोपरे गोल केलेले असतील तर त्याची स्वतंत्र नोंद हवी.

साहित्याविषयी थोडक्यात. भिंत चिऱ्याची असेल तर तिची जाडी खिडकीच्या खाचेत मोजावी आणि चुन्याचा गिलावा कुठे संपून सिमेंट कुठे सुरू होते, ते आराखड्यावर दाखवावे. मंगळुरी कौलाच्या मागे कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा असल्यामुळे तसे कौल त्यापूर्वीचे असू शकत नाही. पण त्यावरून छपराचा काळ ठरतो, भिंतीचा नव्हे, कारण आपल्याकडच्या पावसात कौले वरचेवर बदलावी लागतात. ओल पाहायची असेल तर श्रावणात जावे आणि मोजमापे उन्हाळ्यात घ्यावीत.

कागदपत्रांसाठी पणजीतील पुराभिलेख खाते आणि १८३२ साली स्थापन झालेली, आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखली जाणारी सेंट्रल लायब्ररी ही ठिकाणे आहेत. पोर्तुगीज वाचणारा सोबती हवा. भव्य उद्घाटनांची वर्णने शोधण्यापेक्षा दुरुस्तीच्या खर्चाचे तपशील शोधावेत. कोणती भिंत केव्हा पाडली आणि किती गज विकत घेतले, हे तिथेच सापडते.

इमारतीत पडून असलेल्या नोंदवह्या किंवा भिंतीवर कोरलेली रुग्णांची नावे छायाचित्रात येऊ देऊ नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे, आणि कायदा नसता तरी त्या व्यक्तींची कुटुंबे याच गावांत राहतात.

हे सगळे झाल्यावर दर्शनी भागासमोर उभे राहावे आणि मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. आराखड्याच्या प्रत्येक कागदावर दिनांक, उत्तर दिशा आणि प्रमाण लिहावे. प्रत्यक्ष पाहिलेले काळ्या शाईने आणि अनुमानाने काढलेले लाल शाईने दाखवावे.