मुळशीच्या मुक्कामाआधी

वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांचे संपादक, जाहिरातप्रमुख, वितरणप्रमुख आणि डिजिटल सांभाळणारी मंडळी दोन दिवस मोकळेपणाने बोलायला एकत्र आणायची, तर सुरुवात तारखेपासून करा. गणपती, दिवाळी, पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दिवस, १ फेब्रुवारीचं बजेट आणि निवडणुका आधीच खोडून टाका. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला वर्तमानपत्रांना सुट्टी असते म्हणून तेव्हा बोलावण्याचा मोह होतो. तो टाळा. वर्षातल्या या मोजक्या रात्री ही माणसं घरच्यांबरोबर जेवतात. मला सोमवार दुपार ते मंगळवार संध्याकाळ सोयीचं वाटतं. रविवारच्या पुरवण्या मार्गी लागलेल्या असतात आणि मुळशीच्या रस्त्याला सुट्टीची गर्दी नसते. तरीही भूगावातली कोंडी धरून वेळ कळवा.

जागा शहराबाहेरचीच हवी. नवी पेठेतल्या पत्रकार भवनात बसलं की पत्रकार परिषदेचा सूर लागतो, आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी 'ऑफिसला डोकावून येतो' म्हणत उठतं. मुळशी किंवा पानशेतच्या बाजूला साधी, स्वच्छ जागा शोधा. फक्त ती बघायला रात्री जा. पानं छपाईला सोडायच्या वेळेला आवृत्तीप्रमुखाचा फोन येणारच. त्या वेळी ओसरीवर रेंज असते का, वायफायवर पानाची पीडीएफ उघडते का, वीज गेल्यावर जनरेटर किती मिनिटांत सुरू होतो, हे स्वतः तपासा. फोन घ्यायला एक खोली वेगळी ठेवा. संपर्क तुटेल या धास्तीत बसलेला संपादक मनाने तिथे नसतोच.

माणसं विसाच्या वर नकोत. एका संस्थेतून दोघांपेक्षा जास्त नकोत, आणि मालक व त्यांच्याच हाताखालचा माणूस अशी जोडी तर नकोच. साहेब समोर बसले की वितरणवाला खरे आकडे बोलत नाही. वितरणातल्या माणसांना मात्र आवर्जून बोलवा. पहाटे गठ्ठे उतरताना काय घडतं, घरोघर अंक टाकायला मुलं का मिळत नाहीत, मोठ्या सोसायट्यांमध्ये अंक दारापर्यंत का जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. खर्च ज्याचा त्याने करावा, प्रायोजक घेऊ नये. ज्यांच्याबद्दल उद्या छापायचं आहे, त्यांच्या पैशाने जेवू नये असं मी मानतो.

पहिल्या वेळी मी व्यासपीठ मांडलं होतं. फलक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, फोटोग्राफर, सगळं होतं. दीड तास सत्कारातच गेला आणि नंतर प्रत्येकाने आपला खप कसा वाढतोय याचं भाषण केलं. रात्री अकराला गाड्यांजवळ उभे असताना एका जिल्हा आवृत्तीच्या वितरणप्रमुखांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. भेटवस्तू देऊन वर्गणीदार जोडायची योजना त्यांनी चालवली होती. वर्ष संपल्यावर किती वाचक टिकले, ते गावागणिक पेन्सिलीने लिहिलं होतं. बरीच गावं खोडलेली होती. मोबाइलच्या उजेडात आम्ही सातआठ जण तो कागद वाचत उभे राहिलो. त्या दोन दिवसांत जे शिकलो ते तिथे. तेव्हापासून व्यासपीठ नाही, खुर्च्या गोल. प्रत्येकाने आपला एक फसलेला प्रयोग एका कागदावर आकड्यांसह लिहून आणायचा. हे पंधरा दिवस आधी कळवा आणि चार दिवस आधी फोनवर आठवण करा. निमंत्रणातली ही ओळ बहुतेक जण वाचून सोडून देतात.

बोलण्याचे नियमही आधीच लेखी पाठवा. लंडनच्या चॅटहॅम हाऊस या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्याससंस्थेत १९२७ साली ठरलेला नियम इथे चपखल बसतो: ऐकलेली माहिती वापरायला मोकळीक, पण कोण बोललं, कुठल्या संस्थेचं, हे बाहेर सांगायचं नाही. बातमी हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याकडून हे कबूल करून घ्यावं लागतं. ध्वनिमुद्रण नाही, बैठकीतून समाजमाध्यमावर फोटो नाही.

दुसरा नियम त्याहून गंभीर आहे. इथे जमणारे एकमेकांचे स्पर्धक असतात. जाहिरातीचे दर, अंकाची किंमत, विक्रेत्यांचं कमिशन यांवर आपसांत काही ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. चहाच्या टपरीवर तोंडी ठरवलं तरी ते ठरवणंच असतं. म्हणून हे विषय यादीत घेऊच नका, आणि कुणी काढलेच तर थांबवण्याची जबाबदारी एका ज्येष्ठ माणसावर सोपवा. बोलण्यासारखं इतर पुष्कळ आहे: व्हॉट्सॲपवर फुकट फिरणारे ई-पेपर, शोधयंत्रच उत्तर देऊ लागल्यावर संकेतस्थळावर कुणी कशाला येईल, तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती आणि संरक्षण कोणतं.

जेवण साधं ठेवा. इंद्रायणीचा भात, आमटी, पिठलं-भाकरी. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांची नावं आधी विचारून घ्या. रात्रपाळीत आयुष्य गेलेली माणसं आहेत. रात्रीचं जेवण दोनदा गरम करावं लागेल, हे आचाऱ्याला सांगून ठेवा.

एक काम हमखास राहून जातं. मंगळवारी सकाळी सात वाजता सगळी मराठी वर्तमानपत्रं तिथे पोहोचलीच पाहिजेत. जवळच्या गावातल्या विक्रेत्याशी आधी बोला, पैसे आगाऊ द्या, प्रत्येकाच्या चार-चार प्रती सांगा. त्या ओसरीवरच्या टेबलावर पसरून ठेवा, शेजारी चहाची किटली. प्रत्येक जण आधी दुसऱ्याचा अंक उचलतो, पहिलं पान बघतो, मग मान वर करून तो अंक काढणाऱ्याला शोधतो. पहिलं सत्र नऊच्या आत लावू नका.