पेलाकवकांचे नमुने: टिपणे, सुकवणे आणि पुन्हा तपासणे

पेल्यासारखे किंवा बशीसारखे वाढणारे कवक सुकले की त्याच्या कडा आत वळतात, रंग उडतो आणि सह्याद्रीतल्या कुजक्या काटक्यांवर उठून दिसणारी केशरी-गुलाबी कुकीना (पेलाकवकाची एक प्रजाती) हीदेखील सुरकुतलेल्या सालपटासारखी दिसू लागते. त्यामुळे विद्यापीठाच्या हर्बेरियमसाठी (सुकवलेल्या वनस्पती व कवकांच्या संग्रहासाठी) नमुना तयार करताना ड्रायरच्या आधी वही उघडावी लागते. पेल्याचा व्यास, आतला व बाहेरचा रंग, काठावरचे केस, देठ आणि पेला ज्यावर उगवला ते लाकूड, माती किंवा शेण यांची नोंद नमुना ताजा असतानाच करावी. शक्य असल्यास त्याच दिवशी पातळ छेद घेऊन पाण्यात पाहावा, कारण जिवंत बीजाणूतले तेलाचे थेंब पेशी मेल्यावर एकमेकांत मिसळतात आणि त्यांची मूळ संख्या नंतर कळत नाही. (पिकलेल्या पेल्यावर हलकेच फुंकर घातली, तर बीजाणू धुरासारखे उडताना दिसतात, वयाची ही सोपी खूण आहे.)

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. मेणकागदात किंवा लहान डबीत, ज्या काटकीवर तो आहे तिच्या तुकड्यासह आणावा. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसल्याने खेळत्या हवेच्या ड्रायरमध्ये साधारण 40 ते 45 अंश सेल्सिअसला, मोडल्यास कटकन तुटेल इतका सुकवावा. नुसता चामट झालेला नमुना पाकिटात गेला की त्यावर बुरशी चढते. फुलझाडांप्रमाणे तो दाबयंत्रात घालू नये आणि फॉर्मॅलिनमध्येही ठेवू नये, कारण फॉर्मॅलिनमुळे पुढे डीएनए मिळवणे अवघड होते. त्यासाठी पेल्याचा एक लहान तुकडा सिलिका जेलमध्ये वेगळा ठेवलेला बरा.

सुकलेला पेला ठिसूळ असतो, म्हणून मी पाकिटापेक्षा डबीला प्राधान्य देईन: काटकीचा तुकडा जाड कागदावर चिकटवावा, कागद डबीत बसवावा आणि लेबलवर ठिकाण, तारीख, संकलकाचे नाव, त्याने नमुन्याला दिलेला क्रमांक व पेला ज्यावर उगवला ते लाकूड, माती किंवा शेण न पुसणाऱ्या शाईने लिहावे. संग्रहात नेण्यापूर्वी डबी हवाबंद पिशवीत घालून उणे 20 अंशांवर किमान आठवडाभर गोठवावी, म्हणजे किडे व त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर नमुन्यावर दव धरते.

जुना नमुना तपासताना हात आखडता ठेवावा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये एलियास ड्युरांड यांनी जमवलेली पेलाकवके आजही अभ्यासली जातात (त्या हर्बेरियमचे संकेताक्षर CUP, म्हणजे ‘कप’ असे वाचता येते, हा गमतीचा योगायोग). असे नमुने टिकतात ते प्रत्येक अभ्यासकाने अगदी थोडेसेच कापून घेतल्यामुळे. परवानगी घेऊन, धारदार ब्लेडने पेल्याच्या काठापासून आत जाणारी केसाएवढी पातळ चकती घ्यावी आणि उरलेला तुकडा फेकू नये, लहान पुडीत त्याच डबीत ठेवावा.

चकती आधी पाण्यात फुगवावी आणि मेल्झरच्या आयोडीन द्रावणात पाहावी. पेझायझा या पेलाकवकांच्या दुसऱ्या प्रजातीत बीजाणूंच्या पिशवीचे टोक निळे होते, कुकीनात होत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 3 ते 5 टक्के द्रावणात ऊती लवकर फुलतात हे खरे, पण त्याचा आधी वापर केल्यास आयोडीनची प्रतिक्रिया बदलू शकते; म्हणून त्यासाठी दुसरी चकती घ्यावी आणि कोणती मोजमापे कोणत्या द्रावणात केली ते लिहावे. कुकीनाच्या बीजाणूंवरच्या लांबट रेघा लॅक्टिक आम्लातील कॉटन ब्लू या रंगद्रव्यात स्पष्ट उठतात.

ओळख वेगळी ठरली, तरी जुन्या लेबलवरचे नाव खोडू नये. नवे नाव, तारीख आणि स्वतःची सही असलेली चिठ्ठी शेजारी जोडावी.