मुलांची बागभेट: प्रत्येकाच्या हाताला काम मिळेल अशी कशी आखावी

सार्वजनिक बागेत शाळा येते तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. मुलांची लांब रांग, पुढे माहिती सांगणारा एक जण, दर पाच पावलांवर एक झाड आणि त्याचं नाव. सहाव्या मुलाच्या मागे काही ऐकू जात नाही, विसाव्याला झाडही दिसत नाही. तीस नावं कानावरून गेलेल्या मुलापेक्षा वीस मिनिटं एकच बी उकलत बसलेल्या मुलाला जास्त कळलेलं असतं. म्हणून भेट आखताना किती दाखवायचं याची यादी करू नका. प्रत्येक मुलाच्या हातात किती मिनिटं काहीतरी असणार आहे, ते मोजा. दोन तासांच्या भेटीत हा आकडा साठच्या खाली गेला, तर एक-दोन जागा वगळा आणि उरलेल्यांना जास्त वेळ द्या.

गट आणि वेळ

चाळीस मुलं असतील तर दहा-दहांचे चार गट आणि बागेत चार ठिकाणी चार कामं: माती, बी, झाड आणि पालापाचोळा-किडे. प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस पूर्ण वेळ राहतं आणि प्रत्येक कामापाशी शिकवणारं माणूस वेगळं असतं. सहा वर्षांखालच्या मुलांचा गट पाच-सहांचाच हवा. एका कामाला २० मिनिटं आणि पुढच्या जागी जायला ५ मिनिटं धरा. आल्यावर पाणी-स्वच्छतागृहाला १५, नियम सांगायला ५ आणि शेवटी एकत्र बसायला १५ मिनिटं मिळवली की सगळं मिळून १३० मिनिटं होतात. शाळा पावणेदोन तासच देणार असेल, तर कामं चाराची तीन करा. चारही कामं १२-१२ मिनिटांत उरकायला गेलात तर मुलं जेमतेम मातीत हात घालतात तोवर शिट्टी वाजते.

दर वेळी जागा बदलताना मुलं मोजा. जोड्या लावून दिल्या की मोजणी निम्म्या वेळात होते आणि कोण मागे राहिलं ते जोडीदारच आधी सांगतो.

आठवडाभर आधीची फेरी

भेट ज्या वेळी होणार त्याच वेळी एकदा बाग फिरून या. दहा वाजता सावलीत असलेला ओटा साडेअकराला उन्हात तापलेला असतो, हे कागदावर कळत नाही. नळ कुठे आहेत, स्वच्छतागृह किती दूर आहे, चाकाची खुर्ची कुठल्या वाटेने जाईल, गांधीलमाश्यांचं पोळं कुठे आहे, हे बघून ठेवा. माळ्यांशी बोला. फवारणी कधी झाली आणि पुढची कधी आहे हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि फवारलेल्या वाफ्यात मुलांचे हात जाता कामा नयेत. खणायची आणि तोडायची परवानगी कुठे आहे हे आधीच ठरवून घ्या. बाकी सगळीकडे नियम एकच: जमिनीवर पडलेलं घ्यायचं, झाडावरचं नाही.

कण्हेर, धोतरा, गुंज, एरंड आणि चिकाची निवडुंगासारखी झाडं शोभेसाठी सर्रास लावलेली असतात. ती मुलांच्या वाटेवर आहेत का ते पाहा. असतील तर वाट बदला, किंवा ते झाड दाखवून 'याला हात लावायचा नाही' असं स्पष्ट सांगा. गुंजेचं लाल-काळं बी मुलांना हमखास उचलावंसं वाटतं, आणि ते अतिशय विषारी असतं.

शाळेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाला कुठली मदत लागते आणि शिक्षक वर्गात सध्या काय शिकवत आहेत. तिसरी गोष्ट विचारायची राहून जाते आणि मग बागेतलं काम वर्गाशी कुठेच जुळत नाही. मुलांना बंद बूट, लांब विजार, टोपी आणि मळले तरी चालतील असे कपडे घालून पाठवायला सांगा.

माती

हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुकमी. सरळ बाजूंची, झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. एक तृतीयांश माती, वर जवळजवळ काठोकाठ पाणी आणि चिमूटभर डिटर्जंट पावडर, कारण तिच्यामुळे मातीचे चिकटलेले कण सुटे होतात. झाकण घट्ट लावून मुलांनी आळीपाळीने ३ मिनिटं हलवायची, मग सपाट जागी ठेवायची आणि पुन्हा हात लावायचा नाही. पहिल्या मिनिटातच वाळू तळाशी बसते. तिच्यावरचा बारीक पोयटा बसायला साधारण दोन तास लागतात आणि चिकणमाती एक दिवस किंवा त्याहूनही जास्त गढूळच राहते.

इथेच फसगत होते. वीस मिनिटांत मुलांना फक्त वाळू दिसते आणि प्रयोग अर्धवट वाटतो. म्हणून त्याच मातीची एक बरणी दोन दिवस आधी भरून ठेवा. मुलांनी आपली हलवली की ती शेजारी मांडा, म्हणजे पुढे काय होणार ते समोरच दिसतं. निमुळत्या बाटलीत थरांची जाडी चुकीची दिसते, म्हणून ती टाळा. डिटर्जंट जास्त पडलं तर फेसाखाली काहीच दिसत नाही. कुंडीतली खतमिश्रित माती घेतली तर निम्मा कचरा वर तरंगत राहतो. बागेच्या दोन कोपऱ्यांतली माती दोन बरण्यांत भरली, तर मुलं आपणहून तुलना करू लागतात.

बरणी स्थिर होईपर्यंत हातांना दुसरं काम द्या. मूठभर माती थेंब-थेंब पाणी घालत मळायची, गोळी करायची आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढायची. वाळूची गोळीच होत नाही. पट्टी अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर चिकणमाती कमी, पाच सेंटीमीटरपेक्षा लांब निघाली तर भरपूर. एकदम पाणी ओतलं की सगळ्याचा चिखल होतो, त्यामुळे मुलांच्या हाती पाण्याचा मग देऊ नका, ड्रॉपर किंवा झाकणाला भोकं पाडलेली बाटली द्या.

बी

राजम्यासारखं मोठं बी ८ ते १२ तास भिजवलेलं हवं. त्याहून कमी भिजलं तर साल निघत नाही, एक दिवस पाण्यात राहिलं तर आंबट वास येऊन बी सडू लागतं. प्रत्येक मुलाला दोन बिया द्या, कारण पहिली नखाने चिरडली जातेच. साल सोलून दोन दलं अलगद उघडली की आत चिमुकली दोन पानं आणि मुळाचं टोक दिसतं. हे बघायला दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून बी भिंगाकडे आणायचं असतं. मुलं भिंग बीवर धरून दुरून बघतात, त्यांना धूसर दिसतं आणि ती 'दिसलं' म्हणून मोकळी होतात. प्रत्येकाला काय दिसलं ते चार रेघांत काढायला सांगा. खरंच दिसलं का, हे चित्रावरून लगेच कळतं.

दोन सावधगिऱ्या. कच्चा राजमा पोटाला बाधतो, तो तोंडात जाऊ देऊ नका. आणि पेरणीसाठी विकलं जाणारं बी बऱ्याचदा गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगात घोळवलेलं असतं. तो बुरशीनाशकाचा लेप असतो. मुलांसाठी लेप नसलेलंच बी आणा.

पेरण्यासाठी मुळा उत्तम. चांगल्या उबेत ३ ते ६ दिवसांत उगवतो, म्हणजे भेटीचा विषय वर्गात अजून ताजा असतानाच कोंब दिसतो. वर्तमानपत्राची पट्टी पेल्याभोवती गुंडाळून तळ दुमडला की कुंडी झाली. कुंडीत भरायचं नारळाच्या भुशाचं मिश्रण आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत इतकंच ओलं. कोरडा नारळाचा भुसा पाणी धरत नाही, पाणी कडेने वाहून जातं आणि बी कोरडंच राहतं. बीच्या जाडीच्या दोन ते तीनपट खोल पेरायचं, म्हणजे मुळ्याला जेमतेम एक सेंटीमीटर. मुलं बोट मुळापर्यंत खुपसतात, म्हणून पेन्सिलीवर खूण करून द्या. नाव पेन्सिलीनेच लिहा, पेनाची शाई पहिल्याच पाण्यात पसरते.

सगळ्या कुंड्या घरी पाठवू नका. पाच-सहा वर्गात ठेवायला सांगा आणि त्यातली एक अंधारात, एक बिनपाण्याची. अंधारातलं रोप लांब, फिकट आणि वाकडं होतं. प्रकाश म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याच्याकडे बघून समजतं.

झाड

खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजायचा आणि ३.१४ ने भागून व्यास काढायचा. लहान मुलांचा हात तिथे नीट पोहोचत नाही. आधीच त्या उंचीवर दोरा बांधून ठेवा.

उंचीसाठी डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराइतकी काठी घ्या. हात सरळ पुढे करून काठी तळाशी धरून उभी ठेवा आणि झाडाचा बुंधा व शेंडा काठीच्या दोन टोकांशी जुळेपर्यंत मागे चालत जा. जुळलं की तुमच्या पायांपासून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. काठी तिरपी झाली किंवा जमीन उताराची असली तर उत्तर चुकतं. मागे चालणाऱ्याच्या पाठीशी जोडीदार हवाच. पाच जोड्यांची पाच उत्तरं आली तर उत्तमच, ती फळ्यावर लिहा आणि फरक का आला ते मुलांनाच शोधू द्या.

आल्याआल्या उन्हातल्या एका पानाळ फांदीवर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधा. अर्ध्या तासात आतून धुकं धरतं, दोन तासांत थेंब जमतात. जाताना सगळ्यांनी ती बघायची आणि मग आठवणीने काढायची, नाहीतर आतली पानं भाजतात.

पालापाचोळा आणि किडे

पांढरी ताटली, मऊ ब्रश आणि चमचा. दगड किंवा ओंडका उचलताना आपल्यापासून लांबची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खाली विंचू किंवा साप असला तर तो समोर पळतो आणि मध्ये आडोसा राहतो. हे काम मोठ्यांनीच करायचं. झाल्यावर दगड होता तसा परत ठेवायचा. गोम चावते, तिला फक्त बघायचं. वेटोळं करून पडणारा पैसा हातावर घेतला तरी चावत नाही, पण काही जातींचा स्राव झोंबतो, म्हणून मग डोळ्यांना हात नको. गांडूळ त्वचेतून श्वास घेतं, त्यामुळे हात ओले करूनच उचलायचं आणि मिनिटभरात परत ओल्या मातीत. ताटलीत ओला कागद अंथरून अर्ध्या भागावर पुठ्ठा झाका: डोळे नसलेलं गांडूळ अंधाराकडे कसं वळतं ते मुलं अवाक होऊन बघतात.

फुलांपाशी ५ मिनिटं मोजणी करायची असेल तर एक चौरस मीटर दोऱ्याने आखून मीटरभर लांब बसा. नावं नकोत, फक्त 'माशी', 'मधमाशी', 'फुलपाखरू', 'मुंगी', 'इतर'. मुलाची सावली फुलावर पडली की किडे उडतात. फार गारव्यात किडे आळसावलेले असतात, म्हणून हे काम ऊन वर आल्यावर ठेवा.

खुरपी, झाऱ्या आणि हात धुणं

खुरपं हाती आलं की कान बंद होतात. आधी पूर्ण सूचना, एकदा करून दाखवणं, मग हत्यार. पातं जमिनीकडे, खांद्याच्या वर कधीच नाही. पाच लिटरची भरलेली झारी मुलांना पेलत नाही, सगळं पाणी एकाच रोपावर पडतं. लिटर-दीड लिटरची पुरे. रोप लावताना पानाला धरायचं, देठाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेपला तर रोप जातं. अंतरासाठी २० सेंटीमीटरच्या काठ्या कापून ठेवा, नाहीतर सगळी रोपं एका कोपऱ्यात दाटीने लागतात. वाफ्याची रुंदी ९० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, कारण मुलाचा हात एका बाजूने ४०-४५ सेंटीमीटरपर्यंतच पोहोचतो. त्याहून रुंद वाफ्यात ती पाय देतात आणि माती दाबली जाते. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला 'मुलांची बाग' असं नाव दिलं, तिथे प्रत्येक मुलाचा छोटा वाफा आणि सगळ्यांचा मिळून मोठा अशी दोन्ही सोय होती. शाळा वारंवार येणार असेल तर आजही हीच विभागणी बरी.

हात धुण्याचा हिशेब आधी करा. ४० मुलं, २ नळ, प्रत्येकी पाऊण मिनिट: १५ मिनिटं गेली. म्हणून प्रत्येक कामापाशी तोटीची पाण्याची टाकी आणि साबण ठेवा. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर चालत नाही, साबण-पाणीच लागतं. मधमाशी चावली तर काटा लगेच काढा, धुवा, थंड पट्टी ठेवा. चेहरा सुजला किंवा श्वास अडकू लागला तर क्षणही न दवडता वैद्यकीय मदत मागवा.

मातीला हात लावायला घाबरणाऱ्या मुलाला बळजबरी करू नका. चमचा द्या, नोंदी लिहायचं काम द्या. बहुतेक वेळा दहाव्या मिनिटाला ते आपणहून बोट घालतं.

विचारायचं कसं

'हे कशाचं पान आहे?' हा प्रश्न माहीत असलेल्या एका मुलापुरता असतो. 'या दोन पानांत काय वेगळं आहे?' याला दहाही मुलं उत्तर देऊ शकतात. विचारल्यावर थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत पाहिलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात व जास्त मुलं बोलू लागतात. नाव सांगायचंच असेल तर मुलांनी वर्णन करून झाल्यावर सांगा, मग ते लक्षात राहतं.

परत गेल्यावर

मातीची एक बरणी शाळेत जाऊ द्या. वाहनात ती हिंदकळणारच, तेव्हा वर्गात पुन्हा हलवून ठेवायची आणि दोन दिवसांनी पट्टीने थर मोजायचे. कुंड्यांपाशी तारखेचा तक्ता लावून रोज एका जोडीने पाणी आणि उंचीची नोंद करायची. सुट्टीच्या दिवशी पाणी कोण घालणार, हे शिक्षकांकडून बागेतून निघण्याआधीच ठरवून घ्या. सोमवारी सुकलेली कुंडी दिसते ती याच कारणाने. मुलांनी बागेत लावलेल्या वाफ्यावर वर्गाचं नाव आणि तारखेची पाटी लावा, आणि तीन-चार आठवड्यांनंतरची पुढची भेट त्याच दिवशी नोंदवून टाका.